नऊ विद्यापीठे, दहा वर्षे आणि एक अंतिम अहवाल

कानपूरची आयआयटी उभी करण्याच्या कामात अमेरिकेतल्या नऊ शिक्षणसंस्था १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे एकत्र होत्या. एमआयटी, कॅलटेक, प्रिन्स्टन, बर्कली, मिशिगन, पर्ड्यू, ओहायो स्टेट, कार्नेगी आणि केस ही त्यांची नावे. या उपक्रमाला ‘कानपूर इंडो-अमेरिकन प्रोग्रॅम’ म्हणत. काम संपल्यावर त्याचा अंतिम अहवाल निघाला. तो काढला मॅसॅच्युसेट्समधल्या ‘एज्युकेशन डेव्हलपमेंट सेंटर’ या संस्थेने, आणि नऊ जणांच्या वतीने दहा वर्षे सगळा कारभार सांभाळणारी संस्थाही हीच. ज्यांनी काम केले, त्यांनीच कामाचे मोजमाप केले.

एवढ्यावरून अहवाल बाद ठरत नाही. खर्च, माणसे, यंत्रसामग्री, पुस्तके यांच्या नोंदी जितक्या जवळून कारभार पाहणाऱ्याकडे असतात, तितक्या दुसऱ्या कुणाकडे नसतात. पण देणाऱ्या सरकारला हिशोब द्यायचा म्हणून लिहिलेल्या कागदाचा रोख ठरलेला असतो. काय पाठवले, कोण गेले, कोण आले, किती काळ राहिले हे तो नीट सांगतो. वर्गात काय बदलले हे त्याला सांगायचे असले, तरी त्याच्या रकान्यांत ते मावत नाही. म्हणून त्याच्या शेजारी आणखी काही कागद मांडून पाहावे लागतात. १९६१चा आयआयटी कायदा आहे. कानपूरच्या पहिल्या पिढीतले प्राध्यापक ई. सी. सुब्बाराव यांनी संस्थेच्या पन्नास वर्षांवर लिहिलेले पुस्तक आहे. व्ही. राजारामन यांनी भारतातल्या संगणनाचा लिहिलेला इतिहास आहे. किम सेबली यांचा १९७२चा प्रबंध आहे. आयआयटी उभारणीतल्या चार देशांच्या मदतीचा तो एकत्र विचार करतो आणि सादर झाला मिशिगन विद्यापीठात, म्हणजे नऊ जणांपैकीच एकाच्या घरात. शिवाय रॉस बॅसेट, आणि स्टुअर्ट लेस्ली व रॉबर्ट कार्गन या अमेरिकन इतिहासकारांनी एमआयटीच्या बाजूचे कागद चाळून २००६ पासून पुढे लिहिलेले लेख आहेत. यांतला प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या बाजूला उभा आहे. ते एकमेकांशी कुठे जुळतात आणि कुठे नाही, हे पाहत गेले की या उपक्रमाचे खरे मोल कुठे शोधायचे ते दिसू लागते.

सुरुवात कानपूरच्या आधीची आहे. नलिनी रंजन सरकार यांच्या समितीने १९४६च्या अंतरिम अहवालात देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था काढाव्यात अशी शिफारस केली होती आणि नमुना म्हणून एमआयटीकडे बोट दाखवले होते. खरगपूर १९५१ला सुरू झाले. पुढच्या चार संस्थांना चार वेगवेगळ्या देशांचा हात मिळाला. मुंबईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाचा, मद्रासला पश्चिम जर्मनीचा, कानपूरला अमेरिकेचा, दिल्लीला ब्रिटनचा. शीतयुद्ध ऐन भरात असताना एकाच देशाने एकाच प्रकारच्या संस्थांसाठी दोन्ही गटांकडून मदत घेतली. अभ्यासकाच्या दृष्टीने ही फार मोलाची परिस्थिती आहे. कायदा एक, प्रवेश परीक्षा एक, विद्यार्थी साधारण एकाच थरातले. बदलले ते फक्त मदत करणारे. अशी तुलना शिक्षणाच्या इतिहासात सहसा करायला मिळत नाही.

पुरुषोत्तम काशिनाथ केळकर या तुलनेच्या मधोमध उभे आहेत. जन्म १९०९चा, धारवाडचा. लिव्हरपूलहून विद्युत अभियांत्रिकीतली डॉक्टरेट, मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापन, १९४३ पासून मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये विभागप्रमुख. १९५६ ते १९५९ या काळात आयआयटी मुंबईचे नियोजन अधिकारी म्हणून त्यांनी सोव्हिएत मदतीचा कारभार आतून पाहिला. १९५९च्या अखेरीस कानपूरचे पहिले संचालक झाले. १९७०ला पुन्हा आयआयटी मुंबईत, पवईला, या वेळी संचालक म्हणून. दोन महासत्तांच्या मदतीने उभ्या राहणाऱ्या दोन्ही संस्थांत निर्णयाच्या जागी बसलेला असा माणूस मला दुसरा माहीत नाही. मराठी वाचकांना त्यांचे नाव फारसे ठाऊक नसावे, याचे वाईट वाटते.

कानपुरात १९६०ला वर्ग सुरू झाले तेव्हा संस्थेला स्वतःची इमारत नव्हती. हार्कोर्ट बटलर टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या कॅन्टीनच्या इमारतीत शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली. ग्रँड ट्रंक रोडवर कल्याणपूरजवळ उत्तर प्रदेश सरकारने हजार एकरांहून जास्त जमीन दिली आणि १९६३ला संस्था तिथे गेली. वास्तूची रचना अच्युत कानविंदे यांची. कोकणातल्या आचऱ्याचे कानविंदे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकून आलेले होते. ग्रंथालय, व्याख्यानगृहे आणि विभाग उंचावरून जाणाऱ्या पादचारी मार्गांनी जोडायचे, म्हणजे भौतिकशास्त्राचा माणूस आणि यंत्र अभियांत्रिकीचा माणूस रोज एकाच वाटेने जाईल, अशी ती आखणी आहे. अभ्यासक्रमात जे करायचे होते, ते नकाशातही दिसते.

अमेरिकन सरकारने आधी एमआयटीला विचारले होते. एकट्याने एवढी जबाबदारी घ्यायला एमआयटी तयार नव्हती. नॉर्मन डाल यांच्यासह तिचे पथक १९६१मध्ये कानपूर पाहून आले, आणि त्यातून नऊ संस्थांच्या संघाची कल्पना पुढे आली. वरवर पाहता ही अंग काढून घेण्याची सोय वाटेल. परिणाम मात्र वेगळा झाला. नऊ संस्थांच्या नऊ पद्धती होत्या. प्रिन्स्टनचे प्राध्यापक आणि पर्ड्यूचे प्राध्यापक एकच विषय एकाच तऱ्हेने शिकवत नव्हते. त्यामुळे ‘अमेरिकेत असे करतात’ हे वाक्य कानपुरात फार काळ टिकू शकत नव्हते. अमेरिकेत कुठे, हा पुढचा प्रश्न यायचाच. निवड करायची तर ती कानपूरच्या लोकांनाच करावी लागली.

आणि त्यांना ती करण्याचा अधिकार कायद्याने होता. ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही; ती छापलेल्या कायद्यात आहे. १ एप्रिल १९६२ पासून लागू झालेल्या आयआयटी कायद्याने अध्यापन, शिक्षण आणि परीक्षा यांच्या दर्जाची जबाबदारी प्रत्येक संस्थेच्या सेनेटवर टाकली. सेनेट म्हणजे मुख्यतः संस्थेच्याच प्राध्यापकांची सभा. आपल्या विद्यापीठांतल्या निवडून येणाऱ्या अधिसभेपेक्षा तिचे नाते विद्वत परिषदेशी जवळचे. संस्थेला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे ज्या वर्षी पाहुण्या प्राध्यापकांची पहिली तुकडी कानपूरला आली, त्याच वर्षी काय शिकवायचे आणि कसे तपासायचे याचा शेवटचा शब्द कानपूरच्या अध्यापकांकडे आला होता. पाहुणे शिकवत, सुचवत, प्रयोगशाळा लावून देत. विभाग चालवणारे इथले होते. रसायनशास्त्रात सी. एन. आर. राव, विद्युत अभियांत्रिकीत कॅनडाच्या वॉटर्लूहून बोलावून आणलेले एच. के. केशवन. धातुशास्त्रातले सुब्बाराव स्वतः अमेरिकेतल्या वेस्टिंगहाऊसच्या संशोधनशाळेतून आले होते. ही माणसे अमेरिकन शिक्षण आतून जाणत होती, त्यामुळे ‘आम्ही असे करू, तसे नको’ असे पाहुण्यांना सांगताना त्यांना संकोच नव्हता.

हा अधिकार वर्गात कसा उतरला, ते परीक्षेच्या बाबतीत जवळून पाहता येते. त्या काळी मुंबई, पुणे किंवा नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षक वर्षभर शिकवायचा आणि मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थ्याइतकाच अंधारात असायचा. प्रश्नपत्रिका दुसरा कुणी काढणार, उत्तरपत्रिका तिसऱ्याच गावी तपासायला जाणार, तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक येणार. जे शिकवले त्यावर प्रश्न येतील याची खात्री नाही, म्हणून शिक्षक अभ्यासक्रमातली प्रत्येक ओळ ‘उरकायचा’ आणि विद्यार्थी मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायचा. नवे काही शिकवायचे म्हटले तर अभ्यास मंडळापासून सुरुवात करावी लागे. तो शिक्षक आळशी होता असे नाही. त्याच्या हातात काही नव्हते.

कानपुरात शिकवणारा माणूसच प्रश्नपत्रिका काढू लागला, तोच तपासू लागला, आणि वर्षाऐवजी सत्राच्या शेवटी अक्षरांतली श्रेणी देऊ लागला. अर्ध्या सत्रात एखादा विषय वर्गाला जड जातो आहे असे दिसले तर वेग कमी करण्याची, उदाहरणे बदलण्याची मुभा त्याला होती. पाच वर्षांच्या बी. टेक.च्या सुरुवातीच्या वर्षांत सगळ्या शाखांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि मानव्यविद्या एकत्र होत्या, आणि त्या शिकवणारे विभाग अभियांत्रिकीच्या सेवेतले दुय्यम विभाग नव्हते. त्यांचे स्वतःचे संशोधन होते. एमआयटीत अभियांत्रिकीचे अधिष्ठाता गॉर्डन ब्राऊन यांनी चालवलेल्या विज्ञानाधिष्ठित अभियांत्रिकीच्या चळवळीची छाया इथे स्पष्ट आहे. डाल स्वतः त्याच परंपरेतले. स्टीफन क्रँडल यांच्याबरोबर १९५९ला त्यांनी काढलेले स्थायू यामिकीचे पाठ्यपुस्तक भारतातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पुढे अनेक वर्षे वापरले. पुण्यात किंवा सांगलीत त्यातली उदाहरणे सोडवणाऱ्या मुलाला हा लेखक कानपूर कार्यक्रमाचा पहिला प्रमुख होता, हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

इथे एक सावधगिरी पाळायला हवी. सत्र पद्धत, अंतर्गत मूल्यमापन, अक्षर श्रेणी यांतले देशातले पहिलेपण कानपूरला देण्याचा मोह अनेक लेखनांत दिसतो. त्याच वर्षी, १९६०ला, तेव्हाच्या उत्तर प्रदेशातच पंतनगरला इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने कृषी विद्यापीठ सुरू झाले, आणि अमेरिकन लँड-ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवरच्या सत्र पद्धती व अंतर्गत परीक्षा तिथेही आल्या. साठच्या दशकात अमेरिकेची एकेक राज्य विद्यापीठे भारतातल्या एकेका राज्याला जोडून दिलेली होती; महाराष्ट्राच्या वाट्याला पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आले, आणि १९६८ला स्थापन झालेले, महात्मा फुले यांचे नाव पुढे लाभलेले कृषी विद्यापीठ राहुरीला उभे राहिले. म्हणजे आपल्या राज्यातल्या कृषी पदवीधरांनी सत्रे आणि श्रेणी अनुभवल्या तेव्हा पुणे विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी अजून वार्षिक परीक्षाच देत होता. कानपूरच्या श्रेयातून यामुळे काही वजा होत नाही. पण ‘पुढे देशभर जे झाले ते कानपूरमुळे’ अशी सरळ रेघ ओढता येत नाही, हे नक्की. विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक आणि निवडीवर आधारलेली पद्धत २०१४-१५च्या सुमारास सगळ्यांसाठी पुढे आणली, तेव्हा तिच्यामागे अनेक वाटांनी आलेला अनुभव होता.

संगणकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे कागद भरपूर आहेत आणि ते एकमेकांशी जुळतात, म्हणून तिथे थोडे थांबतो.

१९६३ला आयबीएम १६२० हे यंत्र विमानाने कानपूरला आले. शेवटचा टप्पा त्याने बैलगाडीने पार केला. ही हकीकत संस्थेच्या आठवणींत इतक्यांदा आली आहे की कानपूर म्हटले की अनेकांना आधी तीच आठवते. मला त्या बैलगाडीपेक्षा यंत्राच्या वापराचे नियम जास्त बोलके वाटतात. संगणक त्याआधी भारतात नव्हते असे नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पन्नाशीच्या दशकातच ते होते, आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) ‘टिफ्रॅक’ स्वतः घडवून १९६०ला चालू केला होता. घडवण्याच्या दृष्टीने ते काम कानपूरपेक्षा कितीतरी अवघड. पण तिथला संगणक संशोधकांचा होता. कानपुरात तो विद्यार्थ्यांचा झाला. प्रोग्रॅमिंगचा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा केला गेला, आणि विद्यार्थ्याला स्वतः यंत्रापर्यंत जाता येत होते.

हे यंत्र आजच्या मापाने फारच साधे. बेरीज करण्यासाठी लागणारे मंडलही त्यात नव्हते. दोन अंकांची बेरीज किती, हे ते स्मृतीत साठवलेल्या कोष्टकात पाहायचे. कार्यक्रम लिहायची भाषा फोरट्रान. विद्यार्थी आधी कागदावर सूत्र मांडायचा, मग एकेक ओळ एकेका कार्डावर छिद्रे पाडून उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा यंत्राला द्यायचा. स्वल्पविराम चुकला तर गठ्ठा परत. चूक कुठे आहे ती आपली आपण शोधायची, ते कार्ड बदलायचे, पुन्हा द्यायचे. गणिताचा शिक्षक वहीवर लाल रेघ मारतो तेव्हा विद्यार्थी ‘पद्धत बरोबर होती’ असे म्हणू शकतो. इथे तशी सोय नव्हती. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या विचारातली फट इतक्या लवकर आणि इतक्या निर्विकारपणे दिसणे ही त्या काळात नवी गोष्ट होती.

हे शिकवायला बर्कलीहून हॅरी हस्की आले. एनिअॅक या सुरुवातीच्या संगणकावर काम केलेला, लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत अॅलन ट्युरिंगच्या बरोबर बसलेला, बेंडिक्स जी-१५ या संगणकाचा रचनाकार. त्यांच्यासोबत प्रिन्स्टनचे फोरमन अॅक्टन आणि अर्विंग रॅबिनोविट्झ होते. केशवन संगणक केंद्राचे प्रमुख, आणि राजारामन तरुण अध्यापक. या मंडळींनी केवळ आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले नाही. देशभरातल्या महाविद्यालयांतले आणि प्रयोगशाळांतले लोक बोलावून त्यांच्यासाठी काही दिवसांचे सघन वर्ग भरवले. वर्गांच्या टिपणांतून राजारामन यांची पाठ्यपुस्तके निघाली, आणि ती मुद्दाम कमी किमतीत ठेवली गेली. ज्या महाविद्यालयात संगणक नव्हता तिथेही पुस्तक पोचले. महाराष्ट्रात सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्रोग्रॅमिंग शिकलेल्या माणसाला विचारा. राजारामन यांचे एखादे पुस्तक त्याच्या हातून गेलेले असण्याची शक्यता फार. १९६६ला कानपुरात मोठे आयबीएम ७०४४ आले, १९७१ला संगणकशास्त्रातला स्वतंत्र पदव्युत्तर कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकन मंडळी जायच्या आधीच कानपूरचे लोक हा विषय स्वतःच्या बळावर पुढे नेत होते.

आता अंतिम अहवालाच्या रकान्यांत हे शोधू गेले तर यंत्राची नोंद सापडेल, हस्की यांच्या मुक्कामाची सापडेल. राजारामन यांचे पुस्तक सापडणार नाही, कारण ते मदतीतून आलेले नव्हते. ते इथे तयार झाले होते. मूल्यमापनाची मला सलणारी अडचण हीच आहे. सहकार्य जितके यशस्वी, तितके त्याचे फळ दुसऱ्याच्या नावावर जमा होते, आणि तसे ते व्हायलाच हवे.

पवईशी तुलना केली की हे आणखी ठळक होते. आयआयटी मुंबईच्या इतिहासात सोव्हिएत मदतीचे आकडे ठाशीव आहेत. युनेस्कोमार्फत ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ आले, इथल्या अध्यापकांसाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या, मोठी यंत्रसामग्री आली, १९६५च्या द्विपक्षीय करारानंतर आणखी आली. वरळीच्या सस्मिरा या संशोधन संस्थेच्या इमारतीत २५ जुलै १९५८ला शंभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली संस्था या मदतीने भक्कम झाली, यात वाद नाही. पण ५९ हा आकडा कानपूरला आलेल्या अमेरिकन प्राध्यापकांच्या संख्येशेजारी ठेवून कुठली मदत मोठी असा निकाल देणारे लेखन जेव्हा दिसते, तेव्हा ते मला निरर्थक वाटते. तज्ज्ञ कोणाच्या शब्दाखाली काम करत होता, त्याच्या सूचनेला नाही म्हणण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो वापरला गेला का, हे विचारल्याशिवाय संख्या काही सांगत नाहीत.

कानपूरवरचा सर्वांत जड आक्षेप स्थलांतराचा आहे. लेस्ली आणि कार्गन यांनी एमआयटीच्या भारत आणि इराणमधल्या कामाचा एकत्र अभ्यास करून असे दाखवले की अशा संस्थांचे नाते आसपासच्या उद्योगांपेक्षा अमेरिकन विद्यापीठांशीच जास्त घट्ट झाले. पहिल्याच तुकडीतले अभय भूषण यांचे उदाहरण घ्या. १९६५ला कानपूरहून पदवी, मग एमआयटी, आणि एप्रिल १९७१मध्ये संगणकांमधून फायली पाठवण्याच्या नियमांचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा. जगभरचे जाळे ज्यांनी विणले त्यांच्यात कानपूरचा पहिल्या तुकडीतला मुलगा आहे, हे शिक्षणाच्या दर्जाचे अव्वल प्रमाणपत्र. भारताच्या पैशाने शिकलेल्या मुलाचे काम केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये झाले, हेही त्याच नोंदीत आहे. एकाच ओळीतून दोन्ही पक्ष आपापला पुरावा घेऊन जातात.

पण दोष अमेरिकन संघाला द्यायचा तर आणखी एक कागद आड येतो, आणि तो मुंबईचा आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, पुढे संचालक, सुहास सुखात्मे यांनी ऐंशीच्या दशकात आपल्याच संस्थेच्या पदवीधरांचा माग काढला. १९७३ ते १९७७ या वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे तीस टक्के परदेशी स्थायिक झाल्याचे त्या पाहणीत दिसले. ही संस्था सोव्हिएत मदतीवर उभी राहिलेली. तिथे एमआयटीचे प्राध्यापक नव्हते, तरी तिथली मुले मॉस्कोला गेली नाहीत. ऑक्टोबर १९६५ला अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातल्या शिकलेल्या माणसांना दार उघडले. कानपूरची पहिली तुकडी त्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडली होती. मदत कोणी केली यापेक्षा पदवीनंतर मुलापुढे कुठली दारे उघडी होती, याचा प्रभाव मोठा दिसतो. कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना कार्यक्रमाबाहेरच्या गोष्टी त्याच्या नावे लिहिल्या जाऊ नयेत, यासाठी अशी दुसरी संस्था शेजारी असणे किती गरजेचे आहे, हे यावरून कळते.

दुसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. कानपूर हे गिरण्यांचे आणि चामड्याच्या कारखान्यांचे शहर. संस्था तिथे असूनही त्या शहराच्या कारखान्यांतले प्रश्न तिच्या प्रयोगशाळांत फार कमी आले. पुढच्या दशकांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, गंगेत सांडपाणी जात राहिले, आणि कल्याणपूरच्या आवारात जागतिक दर्जाचे काम चालू होते. नऊ विद्यापीठांच्या सुकाणू समितीने शहराचा विचार करायला हवा होता असे मी म्हणणार नाही. तो विचार करण्याचा अधिकार ज्या सेनेटला होता, तिने तो पुरेसा केला नाही. अधिकार इथल्यांकडे होता हे श्रेय घेताना सांगायचे, तर ही बाजूही त्यांच्याच नावावर टाकावी लागते.

आणि आणखी एक वाट, जिचा हिशोब कुणीच नीट मांडलेला नाही. १९७०च्या सुमारास केंद्र सरकारने अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी गुणवत्ता सुधार कार्यक्रम सुरू केला. नोकरीवर असलेल्या शिक्षकाने पगारी रजेवर आयआयटीत येऊन एम. टेक. किंवा पीएच. डी. करायची आणि परत आपल्या महाविद्यालयात जायचे. अल्पकालीन वर्गही त्यातच होते. कानपूर हे त्याचे एक मोठे केंद्र. पंचेचाळिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला व्याख्याता वसतिगृहात राहून आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांबरोबर परीक्षा द्यायचा. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि खासगी महाविद्यालयांतूनही असे शिक्षक देशातल्या वेगवेगळ्या आयआयटींत गेले. त्यांनी तिथे शिक्षकाच्या हाती असलेली परीक्षा पाहिली, विद्यार्थ्याच्या हाती असलेला संगणक पाहिला, आणि मग पुन्हा संलग्न महाविद्यालयाच्या चौकटीत परतले. तिथे प्रश्नपत्रिका अजून विद्यापीठच काढत होते.

नऊ विद्यापीठांच्या दहा वर्षांच्या कामाचे फळ कुठवर पोचले, हे ठरवण्याची खरी जागा मला इथे वाटते. त्याचे कागद कानपूरला किंवा मॅसॅच्युसेट्सला सापडणार नाहीत. ते पुणे, नागपूर, मराठवाडा विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांच्या इतिवृत्तांत आहेत. अमुक शिक्षक अमुक वर्षी परत आला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत अभ्यासक्रमात संगणकाचा पेपर आला का, प्रात्यक्षिकांची संख्या बदलली का, प्रश्नांचा घाट बदलला का, हे त्यांवरून तपासता येते. महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत प्रयोगशाळांची खरेदी असते, ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्यांत पुस्तकांच्या प्रती आणि वर्षे असतात. हे दप्तर अजून बऱ्याच ठिकाणी आहे, पण जागा रिकामी करण्याच्या मोहिमेत ते आधी जाते. परत आलेल्या शिक्षकांपैकी अनेक जण आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि आपण वर्गात काय बदलले आणि काय बदलू शकलो नाही हे ते अजून सांगू शकतात. एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास आणि अभियांत्रिकी विभागांनी मिळून हे काम याच वर्षी हाती घ्यावे.